जेम्स आउट्रम व धरणगांवचें ठाणें

जळगांव जिल्ह्यांतील धरणगांव आमच्या बहुतेक वाचकांस बाजाराचें गांव म्हणून ठाऊक आहे. परंतु १८२५ सालीं बावीस वर्षांच्या एका लष्करी अंमलदारानें तेथें भिल्ल पलटणीचें ठाणें घातलें. त्यांचें नांव जेम्स आउट्रम.

त्यांचा जन्म १८०३ सालीं इंग्लंडांत डर्बीशायर परगण्यांत झाला. ते दोन वर्षांचे असतांच वडील वारले व आईनें मोठ्या काटकसरीनें मुलें वाढविलीं. १८१९ सालीं ते कंपनी सरकारच्या मुंबईकडील सैन्यांत दाखल झाले.

खानदेश १८१८ सालीं इंग्रजांकडे आला तेव्हां मुलूख उजाड पडला होता. होळकरांची धामधूम व तिच्यामागून आलेला दुष्काळ यांनीं गांवेंच्या गांवें ओस पाडलीं होतीं. गांवची राखण करून आपला हक्क घेणारे भिल्ल, तो हक्क बुडाल्यामुळें, सातमाळ्याच्या व सातपुड्याच्या डोंगरांत शिरले आणि रात्रीं खालीं उतरून गुरें हांकून नेऊं लागले. बैल गेला म्हणजे शेत पडीक राहतें, हें शेतकरी वाचकांस सांगावयास नको. पण भिल्लांचेंही गाऱ्हाणें होतें. पेशवाईच्या उत्तरकाळीं वचन देऊन बोलाविलेल्या भिल्लांची कोपरगांवीं कत्तल झाली होती. ज्यांच्या बापांस बोलावून मारिलें, त्यांनीं पुन्हां कोणाच्या बोलावण्यावर विश्वास कां ठेवावा?

मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन साहेब यांनीं ही अडचण ओळखून नुसत्या शिक्षेचा मार्ग सोडला. भिल्लांस शेतीवर बसविण्यासाठीं निराळे अंमलदार नेमिले, व त्यांच्याच तरुणांची पलटण उभारण्याचें काम आउट्रम यांस दिलें.

आरंभ तरवारीनेंच झाला, हें आम्ही लपवीत नाहीं. थोड्या शिपायांनिशीं त्यांनीं डोंगरांतील एका टोळीवर अचानक छापा घालून माणसें धरिलीं. मग त्या कैद्यांच्याच द्वारें इतरांशीं बोलणें लाविलें. पहिल्यानें अवघे नऊजण आले. साहेब त्यांच्या पाड्यांत जात, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीस निघत, त्यांच्या मेजवानींत बसत आणि त्यांचीं गाऱ्हाणीं ऐकून घेत. नवांचे साठ झाले, आणि कांहीं वर्षांतच सहाशेंहून अधिक. पूर्वीं गुरें हांकून नेणारे हातच आतां गुरांची व खजिन्याची राखण करूं लागले.

एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ही पलटण मालेगांवच्या छावणींत गेली तेव्हां साहेबांच्या जुन्या पलटणीच्या शिपायांनीं भिल्लांचा विटाळ न मानतां त्यांस आपल्यांत बसविलें व पानसुपारी दिली. त्या काळीं जातीचा जोर केवढा होता हें ज्यांनीं वडिलांच्या तोंडून ऐकिलें आहे, त्यांस या पानसुपारीची किंमत कळेल.

कन्नडकडे ओव्हन्स साहेबांनीं तगाई, नांगर व बैल देऊन भिल्लांस जमिनीवर बसविलें. त्या कामाची कीर्ति कमी, पण आमच्या मतें श्रम अधिक होते. बैल दिला तरी तो विकून न खातां पहिल्या पिकापर्यंत जपावा लागतो.

आउट्रम साहेब मिशनरी नव्हते. ते कंपनीचे शिपाई होते. १८३० सालीं डांगांवर चढाई करणारेही तेच. १८३५ सालीं त्यांनीं खानदेश सोडला. पुढें सिंध खालसा करणें अन्याय आहे असें त्यांनीं उघड म्हटलें, आणि त्या लुटींतील आपल्या वांट्याचा पैसा धर्मादाय कामांस देऊन टाकला. मात्र १८५६ सालीं अयोध्येचें राज्य खालसा झालें तें त्यांच्याच हातून. १८५७ सालीं लखनौच्या वाटेवर, स्वतः वरिष्ठ असतां, त्यांनीं सेनापतिपण हॅवलॉक यांस दिलें व आपण स्वयंसेवक होऊन चालले. १८६३ सालीं फ्रान्स देशांत पो येथें ते वारले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर मंदिरांत त्यांस पुरिलें आहे.

धरणगांवची पलटण त्यांच्यामागें पुष्कळ वर्षें चालली व शेवटीं पोलिसांत मिळाली. भिल्लांस मिळालेल्या जमिनींपैकीं बऱ्याच पुढें कर्जापायीं सावकारांकडे गेल्या. ती हकीकत निराळी आहे.