कवळी, चष्मा आणि मंत्रिपद

अन्यूरिन बेव्हन म्हटले की ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा आठवते. मला मात्र आधी त्यांचे वडील आठवतात. वेल्समधल्या ट्रेडेगर गावचे हे खाणकामगार १९२५ मध्ये कोळशाच्या धुळीने छाती भरून गेले. भरपाई मिळाली नाही, कारण तो आजार कायद्याच्या यादीतच नव्हता!

बेव्हनही तेराव्या वर्षी खाणीत उतरले. ट्रेडेगरचे कामगार पगारातून थोडे पैसे बाजूला काढून स्वतःचे डॉक्टर आणि दवाखाना चालवीत. देशात मात्र १९११ च्या विमा कायद्याने कामगाराला डॉक्टर दिला, त्याच्या बायकोमुलांना नाही. घरची बाई दुखणे अंगावर काढी. (हे आपल्याकडे वेगळे सांगायला नको.)

१९४५ मध्ये आरोग्यमंत्री होताच बेव्हननी ट्रेडेगरचा कित्ता देशभर गिरवला. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. बड्या तज्ज्ञांना सरकारी रुग्णालयांत खासगी रुग्ण ठेवायची मुभा देऊन त्यांनी वाट काढली. ही तडजोड मला खटकते. ५ जुलै १९४८ ला सेवा सुरू झाली. खर्च मुख्यतः करांतून. वर्षानुवर्षे दुखणी लपवलेल्या बायका दवाखान्यांत येऊ लागल्या.

१९५१ मध्ये सरकारने कवळी आणि चष्म्याचे निम्मे पैसे रुग्णाकडून घ्यायचे ठरवले, तेव्हा बेव्हननी मंत्रिपद सोडले. १९६० मध्ये ते वारले. पुढे १९८० च्या ब्लॅक अहवालात दिसले, की उपचार फुकट होऊनही गरीब लवकरच मरत होते; त्यांची घरे, मजुरी तशीच होती. बेव्हनना याची जाण असावी. घरबांधणी त्यांच्याच खात्याकडे होती, आणि सरकारी घरे संख्येने कमी झाली तरी चालतील, पण ऐसपैस हवीत, यावर ते अडून बसले होते.