हकीम अजमल खान : मतबपासून तिब्बिया कॉलेजपर्यंत

दिल्लीच्या चांदणी चौकातून आत वळलं की बल्लीमारान लागतं. मिर्झा गालिब यांची हवेली इथेच जवळ, गली कासिम जानमध्ये. याच मोहल्ल्यात शरीफ मंजिल ही हकिमांच्या एका खानदानाची हवेली आहे. या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या तिब्बचं इल्म चालत आलं होतं. हकीम अजमल खान यांचा जन्म १८६८ मध्ये याच घराण्यात झाला.

लहानपणी त्यांनी कुरआन हिफ्ज केलं. अरबी, फारसी शिकले आणि तिब्बचे धडे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून घेतले. थोरले भाऊ हकीम अब्दुल मजीद खान यांनी १८८९ मध्ये दिल्लीत मदरसा तिब्बिया सुरू केला होता. तोवर हे इल्म बहुतेक बापाकडून मुलाकडे जायचं. मदरशामुळे बाहेरच्या मुलांनाही ते शिकण्याची वाट मोकळी झाली.

१८९२ मध्ये अजमल खान रामपूरच्या नवाबांचे हकीम झाले. दरबारात मान होता, पगार होता. तिथेच राहिले असते तर आयुष्य आरामात गेलं असतं. पण थोरल्या भावाचा इंतकाल झाला, मग मधले भाऊ वासिल खानही गेले आणि मदरशाची जबाबदारी त्यांच्यावर आली. ते दिल्लीला परतले.

शरीफ मंजिलच्या मतबमध्ये रोज रुग्णांची गर्दी व्हायची. हिंदू, मुस्लिम, गरीब, श्रीमंत, सगळे एकाच ठिकाणी नाडी दाखवायला बसायचे. दिल्लीत मतबला येणाऱ्याकडून ते फी घेत नसत. दिल्लीबाहेर एखाद्या राजा-नवाबाने बोलावलं तर मात्र दिवसाला १००० रुपये घ्यायचे, असं सांगितलं जातं. त्या काळी ही फार मोठी रक्कम होती. ज्याला परवडतं त्याच्याकडून भरपूर घ्यायचं आणि ज्याला परवडत नाही त्याच्याकडून काहीच नाही, असा त्यांचा साधा हिशेब होता.

पण एका हकिमाची दर्यादिली किती लोकांना पुरणार? आणि त्याच्यानंतर काय? शिवाय हकिमाने नुस्खा कितीही चांगला लिहिला, तरी बाजारातून आणलेली जडीबुटी अस्सल नसेल तर रुग्णाला गुण कसा येणार? म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हिंदुस्तानी दवाखाना उभा केला. दवाखाना म्हणजे इथे औषधं तयार करून विकण्याचं ठिकाण. युनानीबरोबर आयुर्वेदिक औषधंही तिथे बनत. हा रीतसर व्यापार होता आणि तो चांगला चालला. त्याचं उत्पन्न हकीमसाहेबांनी घरात न ठेवता तिब्बच्या शिक्षणाकडे वळवलं. औषध विकून आलेल्या पैशातून नवे हकीम आणि वैद्य शिकू लागले. चंद्यासाठी दर वर्षी दारोदार फिरण्यापेक्षा ही कमाई भरवशाची होती.

१९०९ मध्ये त्यांनी बायकांसाठी वेगळा तिब्बी मदरसा काढला. बाळंतपणात अडाणी हातांमुळे किती बायका दगावतात, हे त्यांना माहीत होतं. तिथे दायांना शिकवण्याची सोय झाली. १९११ मध्ये ते युरोपला गेले आणि तिथली हॉस्पिटलं डोळ्यांनी पाहून आले. परदेशी म्हणून सगळंच वाईट, असं त्यांनी मानलं नाही. शरीररचना आणि शस्त्रक्रिया आपल्या मुलांनाही शिकवायला हवी, असा त्यांचा आग्रह होता.

याच सुमारास देशी चिकित्सेवर संकट आलं. १९१२ मध्ये आपल्या मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्या नोंदणीत हकीम आणि वैद्यांना जागाच नव्हती. अशा कायद्यांविरुद्ध हकीमसाहेबांनी हकीम आणि वैद्य यांना एका परिषदेत एकत्र आणलं. हीच एकजूट पुढे करोल बागेत उभी राहिली. आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजची पायाभरणी १९१६ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी केली आणि १३ फेब्रुवारी १९२१ रोजी उद्घाटन महात्मा गांधींनी केलं. या पाच वर्षांत देश बदलला होता आणि हकीमसाहेबही. सरकारने दिलेला हाझिक-उल-मुल्क हा किताब त्यांनी १९२० मध्ये परत केला. मग लोकांनी त्यांना मसीह-उल-मुल्क म्हटलं. १९२१ च्या अहमदाबाद काँग्रेसचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं.

१९२० मध्ये अलीगढला जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली, तेव्हा हकीमसाहेब तिचे पहिले अमीर-ए-जामिया, म्हणजे कुलपती झाले. खिलाफत चळवळ थंडावली तसा पैसा आटला. जामिया बंद करावी, असं बोललं जाऊ लागलं. हकीमसाहेबांनी १९२५ मध्ये ती दिल्लीला, करोल बागेत आणली आणि खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला.

२९ डिसेंबर १९२७ रोजी रामपूरमध्ये त्यांचा इंतकाल झाला. जामियाचा मोठा आधार गेला. आता खरी कसोटी होती. तेव्हा डॉ. झाकिर हुसैन आणि त्यांच्या साथीदारांनी २० वर्षं जामियाची खिदमत करण्याची आणि महिना १५० रुपयांपेक्षा जास्त पगार न घेण्याची शपथ घेतली. जामिया वाचली. हेच झाकिरसाहेब १९६७ मध्ये देशाचे राष्ट्रपती झाले.

तिब्बिया कॉलेजात हकीमसाहेबांनी संशोधनाचाही पाया घातला होता. ते काम त्यांनी जर्मनीत शिकलेल्या डॉ. सलीमुज्जमान सिद्दीकी यांच्याकडे सोपवलं. सिद्दीकींनी १९३१ मध्ये सर्पगंधा वनस्पतीतून एक द्रव्य वेगळं केलं आणि हकीमसाहेबांच्या नावावरून त्याला अजमलिन म्हटलं. हृदयाच्या ठोक्यांचा एक विकार ओळखण्यासाठी हृदयरोगतज्ज्ञ आजही ते वापरतात.

आपल्या मोहल्ल्यांत आज डॉक्टर आहेत, मेडिकलवाले आहेत, व्यापारी आहेत. जकात, सदकाही निघतो, आणि गरजूच्या हातात तो पडलाच पाहिजे. पण त्याच्या जोडीला ज्याची कमाई वर्षानुवर्षं शाळेला, दवाखान्याला मिळत राहील असा एखादा धंदा किती ठिकाणी आहे? हकीमसाहेबांनी तो करून दाखवला, आणि तिब्बिया कॉलेज आजही करोल बागेत सुरू आहे.