मलेरियावर झाकण ठेवणारे डॉक्टर : फ्रॉइलानो डि मेलो

पाळी (डिचोली) : पावसाळा आला की पाळी-वेळगे भागातल्या खाणींचे खंदक पाण्याने भरतात आणि थंडीताप आला की घरची माणसे पहिल्यांदा मलेरियाचेच नाव घेतात. गोव्यात या तापाशी प्रयोगशाळेत आणि रस्त्यावरही झुंजलेला एक माणूस होता. डॉ. इंदालेन्सियो पास्कोआल फ्रॉइलानो डि मेलो. आजच्या पिढीला हे नाव फारसे ठाऊक नाही.

जन्म 17 मे 1887, सासष्टीतल्या बाणावलीचा. ते दहा वर्षांचे असताना, 1897 साली, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधून काढला. तोवर हा ताप दलदलीच्या वाईट हवेने होतो असेच लोक धरून चालत. डि मेलो पणजीच्या वैद्यकीय शाळेत शिकले, पुढे पोर्तुगालमध्ये जाऊन उष्ण प्रदेशातल्या रोगांचा अभ्यास करून परतले, आणि ज्या शाळेत शिकले तिथेच प्राध्यापक व पुढे प्रमुख झाले. ही शाळा 1842 सालची. तीच आजचे गोमेकॉ. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीचा पेशंट गंभीर झाला की रुग्णवाहिका बांबोळीची वाट धरते ना, तेच.

त्यांचा मूळ पिंड संशोधकाचा. सूक्ष्मदर्शकाखाली पक्ष्यांच्या रक्तातले आणि वाळवीच्या पोटातलेसुद्धा परजीवी पाहणारा हा माणूस. पण 1938 मध्ये ते पणजीचे नगराध्यक्ष झाले आणि 1945 पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. त्यांच्या आयुष्यातले खरे काम इथे दिसते.

ताप शहराचे काय करतो हे गोव्याने आधीच भोगले होते. जुने गोवे साथींनी ओस पडले, व्हाइसरॉय 18व्या शतकातच पणजीच्या बाजूला राहायला गेला आणि 1843 मध्ये राजधानीही अधिकृतपणे पणजीला आली. मागे राहिल्या पडक्या घरांच्या उघड्या विहिरी. मलेरियाच्या डासाला गटार लागतेच असे नाही. साठलेले स्वच्छ पाणी त्याला जास्त मानवते. म्हणजे ज्या विहिरीचे पाणी घर पिते, तिथेच तो अंडी घालणार.

डि मेलोंनी पणजीतल्या उघड्या विहिरी झाकून घेतल्या, शौचालयांच्या टाक्या बंद करून घेतल्या. ऐकायला सोपे. पण विहीर म्हणजे घराची खाजगी वस्तू, रोज कळशी सोडायची जागा. तिच्यावर झाकण घाला म्हणून पालिकेने सांगायचे, म्हणजे लोकांच्या परसात शिरायचे. टाक्यांतला डास तसा वेगळा, तो हत्तीरोग पसरवतो, पण एकाच मोहिमेत दोन्ही कामे झाली. डीडीटीची फवारणी आपल्याकडे युद्धानंतर आली, हे काम त्याआधीचे. मलेरिया हटवणारे पणजी हे आशियातले पहिले शहर, असे त्यांच्या चरित्रात सांगतात. दावा मोठा आहे, पण ताप हटला तो झाकणांनी, हे महत्त्वाचे. जुने गोवे आणि काणकोणातही त्यांनी मोहिमा चालवल्या.

पाळीसारख्या गावाला मात्र हा उपाय जसाच्या तसा लागू पडत नाही. डोंगराच्या पायथ्याला वाहत्या झऱ्यांत वाढणारा डासही असतो. झऱ्याला, कुळागराच्या पाटाला, खाणीच्या खंदकाला झाकण कसे घालणार? तिथे गप्पी मासे, पाण्याला वाट करून देणे आणि तापाच्या माणसाचे रक्त लगेच तपासणे, हेच करावे लागते.

कुष्ठरोग्यांसाठी 1934 मध्ये माकाझन येथे इस्पितळ उभे राहिले, त्यामागेही तेच होते. 1945 ते 1949 या काळात ते पोर्तुगालच्या संसदेत गोव्याचे अपक्ष प्रतिनिधी होते. सालाझारच्या राजवटीत गोव्याच्या स्वायत्ततेची बाजू घेणे सोपे नव्हते. त्यानंतर थोड्याच काळात ते ब्राझीलला गेले. 9 जानेवारी 1955 रोजी साओ पावलोत, बाणावलीपासून हजारो मैलांवर, त्यांचे निधन झाले. गोवा मुक्त व्हायला अजून जवळजवळ सात वर्षे होती.

1986 च्या सुमारास पणजीत मलेरिया परत आला. या वेळी विहिरींपेक्षा बांधकामांवरचे पाणी जास्त नडले. नव्या इमारतींच्या टाक्या, स्लॅबवर साठवलेले पाणी, आणि बाहेरून आलेल्या मजुरांच्या रक्तातून आलेला जंतू. पुढे कांदोळीसारख्या किनारी गावांतही तो पोचला. तेव्हापासून बांधकामावरच्या मजुराला आरोग्य कार्ड काढायची पद्धत पडली, त्यासाठी रक्त तपासावे लागते. दोडामार्ग, चंदगड, खानापूरहून गोव्यात कामाला जाणाऱ्या कित्येकांच्या खिशात ते कार्ड असते.