कोर्ट म्हणालं नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी केली

४ मार्च १८८७. मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती फॅरन यांनी एका खटल्याचा निकाल दिला. खटला होता २२ वर्षांच्या रखमाबाईंविरुद्धचा. कोर्टाने त्यांच्यापुढे दोनच पर्याय ठेवले : नवऱ्याच्या घरी नांदायला जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंतच्या तुरुंगवासाला तयार राहा.

रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली.

त्यांनी चोरी केली नव्हती की कुणाला फसवलं नव्हतं. अकराव्या वर्षी ज्याच्याशी लग्न लावून दिलं, त्याच्यासोबत राहायला नकार दिला, एवढंच. पण या एका नकाराने मुंबईपासून लंडनपर्यंत खळबळ उडाली.

कोण होत्या रखमाबाई?

२२ नोव्हेंबर १८६४ ला मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्या अगदी लहान असतानाच गेले. आई जयंतीबाई. हे कुटुंब सुतार समाजातलं. या समाजात विधवांना पुन्हा लग्न करता येत होतं, त्यामुळे काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरं लग्न केलं. डॉ. सखाराम अर्जुन म्हणजे मुंबईतले नावाजलेले डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली, तेव्हा संस्थापकांमध्ये तेही होते.

अशा घरात वाढूनही रखमाबाईंचा बालविवाह टळला नाही. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न १९ वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. लग्नानंतर त्या माहेरीच राहिल्या. दादाजींनी शिकावं, ही घरच्यांची अपेक्षा काही पूर्ण झाली नाही. इकडे रखमाबाईंना मात्र वाचनाची गोडी लागली. वय वाढलं, समज आली आणि हा संसार आपल्याला करायचा नाही, हे त्यांच्या मनात पक्कं झालं.

दादाजी कोर्टात गेले

१८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला. कायद्याच्या भाषेत याला वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापना म्हणतात. सोप्या शब्दांत सांगायचं तर, माझी बायको माझ्याकडे नांदायला यायला हवी, तसा हुकूम कोर्टाने द्यावा.

आता यातली गंमत बघा. हा दावा हिंदू धर्मशास्त्रातून आलेला नव्हता. तो आला होता इंग्लंडमधून, तिथल्या चर्चच्या न्यायालयांतून. आणि ज्या १८८४ साली दादाजींनी दावा लावला, त्याच साली इंग्लंडने अशा प्रकरणातली तुरुंगवासाची शिक्षा रद्द केली. भारतात मात्र १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत ती कायम होती. म्हणजे लंडनमधल्या बाईला ज्या कारणासाठी तुरुंगात टाकता येत नव्हतं, त्याच कारणासाठी मुंबईतल्या बाईला टाकता येत होतं.

पहिला निकाल बाजूने, नंतर चित्र पालटलं

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दादाजींचा दावा फेटाळला. जे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, तिथे पुनर्स्थापना कशाची करायची, हा त्यांचा मुद्दा होता. अजाण वयात लग्न लावून दिलेल्या मुलीवर मोठेपणी अशी जबरदस्ती करणं त्यांना पटलं नाही.

निकाल आला आणि वर्तमानपत्रांतून दोन तट पडले. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले, त्यांच्यासाठी मदत समितीही स्थापन झाली. दुसरीकडे टिळकांच्या 'केसरी' आणि 'मराठा'ने विरोध केला. हिंदू विवाह हा संस्कार आहे, परकीय न्यायाधीशाने त्यात ढवळाढवळ करू नये, अशी ती भूमिका होती. पण तिच्यात एक पेच होता. ज्या हुकुमाने रखमाबाईंना सासरी पाठवायचं होतं, तो हुकूमच मुळात परक्यांच्या कायद्यातला होता.

रखमाबाई स्वतःही गप्प बसल्या नव्हत्या. 'एक हिंदू स्त्री' या टोपणनावाने त्यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त पत्रं लिहिली. बालविवाहामुळे मुलींचं शिक्षण कसं तुटतं आणि मन कसं मारलं जातं, हे त्यांनी त्यात मांडलं.

१८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी पिन्हे यांचा निकाल फिरवला. खटला पुन्हा खाली आला आणि १८८७ मध्ये फॅरन यांचा तो आदेश निघाला. कायद्याच्या चौकटीत तो बसत होता. या लग्नाला त्या मुलीची संमती होती का, हा प्रश्न मात्र त्या चौकटीतच नव्हता.

मग सुटका झाली कशी?

व्हिक्टोरिया राणीने मध्ये पडून हे लग्न रद्द केलं, असं अनेकदा सांगितलं जातं. पण प्रकरण मिटलं ते १८८८ मधल्या तडजोडीने. दादाजींना २,००० रुपये मिळाले आणि त्यांनी आपला हक्क सोडला. रखमाबाईंना तुरुंगात जावं लागलं नाही.

थोडक्यात, कोणत्याही कोर्टाने रखमाबाईंना त्यांचं स्वातंत्र्य दिलं नाही. ते पैसे मोजून घ्यावं लागलं. त्यांच्यामागे शिकलेलं घर, वकील आणि मदतीला धावून येणारी माणसं होती. ज्या मुलींमागे यातलं काहीच नव्हतं, त्यांच्यासाठी कायदा होता तसाच राहिला.

पुढे काय झालं?

मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी प्रोत्साहन दिलं. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. त्यानंतरची अनेक दशकं त्यांनी सुरत आणि राजकोटमध्ये स्त्रियांवर उपचार केले. प्रत्यक्ष प्रॅक्टिस करणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय महिला डॉक्टरांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

१९०४ मध्ये दादाजींचं निधन झालं. त्यानंतर रखमाबाई विधवेसारखी पांढरी साडी नेसू लागल्या, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. ज्या नात्याला त्यांनी आयुष्यभर नकार दिला, ते कायद्याच्या दृष्टीने कधी तुटलंच नव्हतं.

दरम्यान कायदाही बदलत होता. रखमाबाईंच्या खटल्याने पेटलेली चर्चा पुढे संमतिवयाच्या वादापर्यंत गेली. बंगालमध्ये फुलमणी दासी या लहान मुलीचा नवऱ्याच्या जबरदस्तीमुळे मृत्यू झाला, त्यानंतर ही मागणी आणखी तीव्र झाली. १८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतिवय १० वरून १२ झालं. आणि नांदायला नकार दिला म्हणून तुरुंगात टाकण्याची तरतूद १९२३ मध्ये काढून टाकण्यात आली. फॅरन यांच्या निकालानंतर तब्बल ३६ वर्षांनी.

पण विषय इथेच संपत नाही

२५ सप्टेंबर १९५५ ला वयाच्या नव्वदाव्या वर्षी रखमाबाई गेल्या. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. या कायद्याने देशभरातल्या हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा मार्ग दिला. पण त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये वैवाहिक हक्कांची पुनर्स्थापनाही ठेवली.

१९८३ मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने ते वैध ठरवलं. २०१९ मध्ये त्याला पुन्हा सुप्रीम कोर्टात आव्हान देण्यात आलं. आणि ज्या इंग्लंडमधून ही तरतूद आपल्याकडे आली, त्या इंग्लंडने ती १९७० मध्येच मोडीत काढली.

आज या कलमाखाली कुणाला तुरुंगात टाकता येत नाही, पण हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. एखाद्या माणसाने कुणासोबत राहायचं, हे कोर्टाने ठरवावं का? रखमाबाईंनी १८८७ मध्ये आपलं उत्तर दिलं होतं. कायद्याचं उत्तर अजून यायचं आहे.