कर्णा, वही आणि पेन्सिल



धर्मग्रामात घरभेटींना जाताना एक वस्तू आम्हाला पुष्कळ घरांत दिसते. कपाटाच्या खणात, डबीत नीट ठेवलेले कानाचे मशीन. मुलांनी हौसेने आणून दिलेले असते, पण कानाला काही लागत नाही. कारण विचारले तर लाज वाटते असे उत्तर मिळते. चष्म्याची लाज कुणाला वाटत नाही, मशीनची मात्र वाटते. जे अजून नोकरीधंद्यात आहेत त्यांच्या मनात लाजेच्या जोडीला भीतीही असते. साहेबांना कळले तर काम जाईल, गिऱ्हाइकाला कळले तर ते तुटेल, ही ती भीती. म्हणून या रविवारी आम्ही अशा एका माणसाचे चरित्र सांगणार आहोत, ज्याचे पोटच मुळी कानावर चालत होते. तो म्हणजे थोर संगीतकार लुडविग व्हॅन बीथोव्हन.

बीथोव्हनचा जन्म जर्मनीतील बॉन शहरात एका कॅथलिक कुटुंबात झाला. त्याच्या जन्माची नोंद सापडत नाही, पण १७ डिसेंबर १७७० रोजी त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. आजोबा राजदरबारात संगीतप्रमुख होते, वडील दरबारी गायक. पुढे वडील दारूच्या आहारी गेले आणि घराचा भार पोरावर आला. तेराव्या वर्षी तो दरबारात साहाय्यक ऑर्गनवादक म्हणून पगारावर लागला. १७८७ मध्ये आई क्षयाने गेली. दोन वर्षांनी वडिलांचा अर्धा पगार या मुलाच्या हाती देण्याचा हुकूम झाला, कारण दोन धाकट्या भावांचे तोच पाहत होता. १७९२ मध्ये तो व्हिएन्नाला गेला, हायडन या थोर संगीतकाराकडे शिकला, आणि थोड्याच वर्षांत पियानोवादक म्हणून त्याचे नाव गाजू लागले. सरदारांच्या वाड्यांत वादन, शिकवण्या आणि छापलेल्या रचना, यांवर त्याचा चरितार्थ चाले.

आणि अशा ऐन भरात, वयाच्या सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी, कानांनी दगा द्यायला सुरुवात केली.

तीन वर्षे त्याने हे कुणाला सांगितले नाही. १८०१ मध्ये बॉनच्या एका डॉक्टर मित्राला त्याने पत्रातून मन मोकळे केले. कानांत रात्रंदिवस गुणगुण चालते, नाटकगृहात नटाचे शब्द कळावेत म्हणून वाद्यवृंदाला अगदी खेटून बसावे लागते, वाद्यांचे वरचे स्वर दुरून ऐकूच येत नाहीत, असे त्याने कळवले. कुणी हळू बोलले तर आवाज येतो पण शब्द लागत नाहीत, आणि कुणी ओरडले तर ते सहन होत नाही, असेही त्यात होते. आज कानांचे डॉक्टर ज्या तक्रारी ऐकतात, त्या याच. ऐकण्याच्या नसांचा दोष असला की बहुधा वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. आपल्या बोलण्यातले स, श, त, फ असे वर्ण त्याच पट्टीत येतात. म्हणून माणूस बोलतो आहे हे कळते, काय बोलतो ते कळत नाही. घरचे समजतात, आजोबांना हवे तेवढेच ऐकू येते!

दोन वर्षांपासून आपण लोकांत मिसळणे टाळतो, हेही त्याने त्या पत्रात कबूल केले. दुसरा कुठलाही धंदा असता तर निभावले असते, पण संगीतकाराने मी बहिरा आहे असे कोणत्या तोंडाने सांगावे, ही त्याची व्यथा. स्पर्धक तर टपलेलेच होते. त्यामुळे लोक त्याला घमेंडखोर, माणूसघाणा समजू लागले, आणि तो ते समजू देत होता. कारण खरे कारण सांगण्यापेक्षा ते सोपे होते.

उपाय पुष्कळ झाले. कानांत बदामाचे तेल घातले, थंड आणि कोमट पाण्याची स्नाने केली, दंडांवर झाडाची साल बांधून फोड आणले. गुण आला नाही. १८०२ मध्ये डॉक्टरांच्या सल्ल्याने तो व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट गावी विश्रांतीला राहिला. तेथे ऑक्टोबर महिन्यात त्याने भावांच्या नावे एक लांब पत्र लिहिले. शेजारच्या माणसाला दूरची बासरी ऐकू येते आणि आपल्याला काहीच नाही, याचे दुःख त्यात आहे. जीव द्यावा असे वाटल्याचेही आहे. आपल्या आत जे संगीत आहे ते पुरे होईपर्यंत जग सोडता येत नाही, या जाणिवेने त्याला आवरले. ते पत्र त्याने धाडले नाही. त्याच्या मृत्यूनंतर कागदपत्रांत ते सापडले.

मग १८०६ मध्ये एक लहानशी गोष्ट घडली. नव्या रचनेची टिपणे करताना त्याच कागदावर त्याने स्वतःसाठी नोंद केली, की आपले बहिरेपण यापुढे गुपित राहू नये, कलेच्या क्षेत्रातसुद्धा. आम्हाला त्याच्या आयुष्यातील हे मोठे वळण वाटते. कान त्या दिवशी बरे झाले नाहीत, पण लपवण्यात जाणारी शक्ती मोकळी झाली.

बहिरेपणाने त्याचे काम हिरावले, हे खरेच आहे. २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्नात झालेल्या मैफलीत त्याने आपला चौथा पियानो कॉन्सर्टो स्वतः वाजवला. त्यानंतर वाद्यवृंदाबरोबर असे वादन त्याने जाहीरपणे पुन्हा केले नाही. १८१४ मध्ये दोन साथीदारांसह तो एकदा वाजवायला बसला, तेव्हा जोराच्या जागी पियानोच्या तारा खणखणत आणि हळुवार जागी स्वर उमटतच नसत, असे ऐकणाऱ्याने नोंदवले आहे. वादकाचा धंदा संपला. रचनाकाराचा राहिला, कारण लहानपणापासून कमावलेले स्वर आता कानाऐवजी मनात वाजत होते. १८०९ पासून तीन सरदारांनी त्याला वार्षिक तनखा बांधून दिला होता. पैशाची घसरण आणि सरदारांच्या अडचणी यांमुळे तो नेहमी पुरा पडला नाही, तरी आधार होता.

आता त्या काळच्या मशीनविषयी. योहान मेल्ट्सेल नावाच्या कारागिराने १८१२ ते १८१४ च्या सुमारास त्याला धातूचे कर्णे करून दिले. ते आज बॉनच्या बीथोव्हन संग्रहालयात पाहायला मिळतात. कर्णा आवाज गोळा करून कानात सोडतो, पण जो स्वर नसेलाच कळत नाही तो स्पष्ट करू शकत नाही. त्यामुळे उपयोग झाला तो थोडाच.

खरा उपयोग झाला वही आणि पेन्सिलीचा. १८१८ पासून तो जवळ वही ठेवू लागला. समोरच्याने लिहायचे, त्याने वाचून तोंडी उत्तर द्यायचे. सव्वाशेहून अधिक वह्या आज शिल्लक आहेत. त्यांत संगीत आहे, तसा बाजारहाट, नोकरांच्या कटकटी, पुतण्याचे शिक्षण, असा सगळा संसार आहे. बहुतेक उत्तरे मात्र हवेत विरून गेली. एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. वही त्याची असली तरी लिहिण्याचे कष्ट इतरांनी घेतले. कुणी एकदाच लिहून थांबले असते तर ही सोय दोन दिवसांत बंद पडली असती.

याच वह्यांच्या काळात त्याने मिस्सा सोलेम्निस ही भव्य रचना केली. त्याचा शिष्य आर्चड्यूक रुडॉल्फ ओल्म्युट्सचा आर्चबिशप होणार होता, त्या सोहळ्यासाठी १८१९ मध्ये त्याने ती हाती घेतली. सोहळा १८२० मध्ये झाला, रचना १८२३ मध्ये पुरी झाली! ७ मे १८२४ रोजी व्हिएन्नात तिचे तीन भाग आणि नववी सिम्फनी सादर झाली. बीथोव्हन मंचावर उभा होता, पण वादकांनी उमलाऊफ या संचालकाकडे पाहायचे, असे आधीच ठरले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला तेव्हा त्याची लोकांकडे पाठ होती. कॅरोलिन उंगर या विशीतल्या गायिकेने त्याला हळूच वळवले. तेव्हा त्याला हलणारे रुमाल दिसले.

२६ मार्च १८२७ रोजी, अखेरचे संस्कार घेऊन, त्याने देह ठेवला. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. २०२३ मध्ये त्याच्या केसांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली, तिच्यातही बहिरेपणाचे कारण सापडले नाही.

बंधुभगिनींनो, उणीव ही एक गोष्ट आणि तिच्याभोवती आपण घातलेले कुंपण ही दुसरी. पहिली बीथोव्हनच्या हातात नव्हती, दुसरी होती. त्याच्या कर्ण्यापेक्षा आपल्या खणातले मशीन पुष्कळ पुढचे आहे. कान तपासून, जे स्वर कमी येतात तेच वाढवून ते देते. सुरुवातीला भांड्यांचा आवाजही डोक्यात जातो, मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. तेवढा धीर धरावा, आणि त्रास होत असेल तर मशीन पुन्हा जुळवून घ्यावे.

घरच्यांना आणि कामावरच्या सोबत्यांना आमची एकच विनंती. ओरडू नका. समोर या, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला. नाही कळले तर जाऊ दे म्हणून विषय सोडू नका. कागद घ्या आणि लिहा. आणि एखाद्याची पाठ टाळ्यांकडे असेल, तर त्याला हळूच वळवा.

आपला धर्मगुरू