बोटाला टोचलेली सुई आणि डॉ. कोटणीस

डॉ. कोटणीस म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? शाळेत कधीतरी ऐकलेलं नाव, नाहीतर आजोबांनी टीव्हीवर लावलेला व्ही. शांताराम यांचा तो जुना सिनेमा. मलाही एवढंच आठवायचं. मग मागे एकदा रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा फोन आला. ती लॅब टेक्निशियनचा कोर्स करते आणि आपल्याच शहरातल्या एका लॅबमध्ये ट्रेनिंगला जाते. रक्त काढून झाल्यावर वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना सुई तिच्या बोटात घुसली होती. सर ओरडतील म्हणून ती कुणाला काही बोलली नाही. मला सांगितलं तेही पाचव्या दिवशी. तोपर्यंत रोज रात्री गुगल आणि रडणं.

तिच्यासाठी वाचत बसले आणि वाचता वाचता एका कॅनेडियन डॉक्टरच्या बोटापाशी पोचले, तिथून सोलापूरच्या कोटणीसांपर्यंत. तर आधी त्यांची गोष्ट ऐका, मैत्रिणीकडे नंतर येऊ.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. मध्यमवर्गीय घर, भावंडं बरीच. डॉक्टरकीसाठी ते मुंबईला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात गेले, म्हणजे आपण ज्याला केईएम म्हणतो तिथे. पुढच्या पदव्युत्तर परीक्षेची तयारी चालू होती. त्याच सुमारास, १९३७ मध्ये, जपानने चीनवर मोठा हल्ला केला. चीनमधून पंडित नेहरूंकडे डॉक्टर पाठवण्याची विनंती आली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी लोकांना आवाहन केलं, निधी जमला आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं: अटल, नागपूरचे चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले कोटणीस. देश स्वतः गुलामीत असताना दुसऱ्या देशाच्या जखमींसाठी पथक पाठवायचं, हे मला आजही भारी वाटतं.

१ सप्टेंबर १९३८ ला पथक मुंबईहून बोटीने निघालं. कोटणीस तेव्हा सत्तावीस वर्षांचे, म्हणजे तुमच्यातल्या एखाद्याच्या मोठ्या भावाएवढे. थोड्याच महिन्यांत तिकडे त्यांना वडील गेल्याची बातमी कळली. परत येता आलं असतं. ते आले नाहीत. १९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला, माओच्या मुख्य ठाण्यावर पोचलं.

आता तो कॅनेडियन डॉक्टर. नॉर्मन बेथ्यून. त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी रक्ताच्या बाटल्या गाडीत घालून थेट आघाडीवर नेण्याची सोय उभी केली होती. १९३८ पासून ते चीनमध्ये जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत होते. ऑक्टोबर १९३९ च्या शेवटी, शत्रू जवळ आलेला असताना घाईत ऑपरेशन चाललं होतं. हातात ग्लोव्हज नव्हते आणि बोट कापलं. एवढीशी जखम. पट्टी बांधून ते कामाला लागले. पुढच्या काही दिवसांत त्याच बोटाने त्यांनी जंतुसंसर्ग झालेल्या एका जखमीवर ऑपरेशन केलं. बोट सुजलं, हात सुजला, विष रक्तात पसरलं. १२ नोव्हेंबर १९३९ ला ते गेले. पेनिसिलिन तेव्हा औषध म्हणून वापरात आलेलं नव्हतं.

कोटणीस त्या भागात पोचले ते यानंतर, १९४० मध्ये. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या इस्पितळाचे ते संचालक झाले. मी इथे जरा थांबले. ज्या माणसाचा जीव ऑपरेशन करताना कापलेल्या बोटाने घेतला, त्याच्याच नावाच्या इस्पितळात, तशाच तुटपुंज्या साहित्यावर हे रोज दुसऱ्यांच्या रक्तात हात घालत होते. बेथ्यून यांना काय झालं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. कोटणीसांना भीती वाटली नसेल असं मी म्हणणार नाही. पण काम थांबलं नाही. १९४० च्या एका लढाईत ते ७२ तास न झोपता ऑपरेशनं करत राहिले आणि त्या लढाईत आठशेहून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले, असं सांगितलं जातं.

ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. चिनी लोक त्यांना के दिहुआ म्हणत. त्यातल्या हुआचा अर्थ चीन. गुओ छिंगलान या नर्सशी त्यांनी १९४१ मध्ये लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला कोटणीस गेले. वय फक्त बत्तीस. कुणाच्या रक्तातून आलेल्या रोगाने नाही, हे नीट लक्षात घ्या. त्यांना फिट्स यायला लागल्या होत्या आणि त्यातच अंत झाला. प्रकृती ढासळत होती तरी आराम त्यांनी घेतला नाही.

बेथ्यून यांचं बोट आणि माझ्या मैत्रिणीचं बोट यांत ऐंशीहून जास्त वर्षांचं अंतर आहे. बेथ्यून यांना मारलं ते जखमेत शिरलेल्या जिवाणूंनी. त्यावर आज अँटिबायोटिक आहे. मैत्रिणीला भीती होती ती विषाणूंची: एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. यातल्या एकाचंही नाव कोटणीसांच्या काळात कुणाला ठाऊक नव्हतं.

मग टेन्शन घ्यायचं की नाही? अंगावरच्या धड त्वचेवर कुणाचं रक्त उडालं, तर धुवा आणि कामाला लागा. सुई टोचली, कापलं किंवा रक्त डोळ्यात गेलं, तर मात्र घड्याळ बघा. एचआयव्ही असलेल्याच्या रक्ताची सुई टोचली तरी हजारात साधारण तिघांनाच लागण होते, आणि तीही औषध न घेतल्यास. हिपॅटायटिस बी जास्त बेरकी आहे. लस न घेतलेल्याला त्याची लागण शंभरात ६ ते ३० जणांना होऊ शकते, आणि सुकलेल्या रक्तातही तो विषाणू आठवडाभर टिकतो. गंमत म्हणजे सगळे घाबरतात एचआयव्हीला आणि ज्याची लस आहे त्याची आठवणही नसते. देशभर ही लस बाळांच्या सरकारी वेळापत्रकात यायला २०११ उजाडलं. तुमचा जन्म त्याआधीचा. त्यामुळे आईकडून जुनं लसीचं कार्ड मागून बघा. नर्सिंग, लॅब, डेंटल, फार्मसी, काहीही शिकत असाल तर तीन डोस पूर्ण करा.

टोचल्यावर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, वर स्पिरिट-ब्लीच ओतायचं नाही. साबण आणि वाहतं पाणी, बस. डोळ्यात उडालं तर नुसतं पाणी. मग लगेच वरिष्ठांना सांगायचं. ज्याचं रक्त होतं त्याची संमती घेऊन तपासणी होते, तुमचीही होते. डॉक्टरांना गरज वाटली तर पीईपी नावाची औषधं सुरू होतात, २८ दिवसांची. पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम. ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. हो, तेच ७२. घाटीत एआरटी सेंटर आहे. काही विचारायचं असेल तर १०९७ हा टोल फ्री नंबर आहे.

आणि सरांच्या ओरडण्याचं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार, आरोग्यसेवेच्या ठिकाणी जिथे असा धोका आहे तिथे काम करणाऱ्यांना सुरक्षेची साधनं आणि गरज पडल्यास पीईपी पुरवणं ही त्या संस्थेची जबाबदारी आहे. तुम्ही सांगता तेव्हा चूक कबूल करत नसता, हक्काचं मागत असता.

मैत्रिणीचे ७२ तास केव्हाच उलटून गेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी घाटीत गेलो. तिथल्या समुपदेशक ताई ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त हे विचारलं की तेव्हाच का नाही आलीस. हिपॅटायटिस बीचा पहिला डोस तिने त्याच दिवशी घेतला. पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण तो त्या दिवसापुरता असतो. सहा आठवड्यांनी पुन्हा, मग तीन महिन्यांनी. तोपर्यंत रक्तदान करायचं नाही. कॉलेजच्या शिबिरात यंदा ती नुसती नावं लिहून घेत बसली होती.

कोटणीसांचं सोलापूरचं घर आता स्मारक आहे. चीनमध्ये शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची कबर आहे. बेथ्यून यांचीही तिथेच आहे. हयातीत ज्यांची भेट झाली नाही, ते दोघे आता एकाच आवारात आहेत. सोलापूरला जायचं आमचं ठरलंय, बीड-धाराशिवमार्गे, एसटीने. तिचा तीन महिन्यांचा रिपोर्ट आला की.