लॉरेन्स ब्रॅग

लॉरेन्स ब्रॅग यांचा जन्म १८९० साली ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे झाला. क्ष-किरण स्फटिकातील अणूंच्या थरांवरून परावर्तित होतात, हे त्यांनी १९१२ मध्ये केंब्रिजला ओळखले. परावर्तनाच्या कोनावरून थरांमधले अंतर काढण्याचे सूत्र त्यांचेच. श्रेय मात्र पुष्कळ लोक नामवंत वडिलांना देत. हे शल्य त्यांना फार वर्षे बोचले. १९१५ साली पितापुत्रांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा धाकटा भाऊ गॅलिपोलीच्या लढाईत जाऊन जेमतेम दहा आठवडे झाले होते!

पुढे मँचेस्टरला त्यांच्या प्रयोगशाळेत टेलर यांनी १९३३ साली फेल्डस्पार या खनिजाची रचना उलगडली. सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांची जाळी आणि तिच्या पोकळ्यांत पोटॅशियम किंवा सोडियम! सोडियमचा अणू लहान. त्याचे प्रमाण वाढले की थर जवळ येतात, कोन बदलतो. त्यामुळे दगड न विरघळवता क्ष-किरणांनीही त्यातले प्रमाण काढता येते. १९७१ साली ब्रॅग निवर्तले.